जैसलमेर : उंटांचे तांडे आणि तळघरातील ग्रंथ

राजस्थानच्या पश्चिम टोकास, थरच्या वाळवंटात, त्रिकूट टेकडीवर वसलेले जैसलमेर हे भाटी राजपुतांचे नगर होय. लोद्रवा येथील जुनी राजधानी सोडून रावल जैसल यांनी इ. स. ११५६ मध्ये येथे दुर्ग उभारला. पिवळ्या वालुकाश्मातील या दुर्गाचे सौंदर्य अनेकांनी वर्णिले आहे. त्याची पुनरुक्ती येथे करीत नाही. माझ्यासारख्या कापड व्यापाऱ्याला पडलेला प्रश्न निराळा होता. जेथे पाऊस नाममात्र, शेती तुटपुंजी आणि बारमाही नदी नाही, तेथे एवढी मंदिरे व हवेल्या बांधण्याइतका पैसा आला कोठून?

तो आला उंटाच्या पाठीवरून. दिल्ली, पाली व गुजरातकडून सिंधकडे आणि तेथून पुढे पश्चिमेस जाणारे तांडे या वाटेने जात. नगराने पाणी, मुक्काम व संरक्षण द्यावे आणि मालावर जकात घ्यावी, असा हा व्यवहार होता. सावकारी व हुंडीचे काम मुख्यतः ओसवाल जैन आणि माहेश्वरी यांच्या हाती होते.

नगरापासून सुमारे ४० कि. मी. अंतरावरील सम येथे वाळूच्या टेकड्यांवर आम्ही सायंकाळी उंटावरून फेरी केली. उंट उठताना मागचे पाय आधी उचलतो, त्यामुळे स्वार एकदम पुढे कलंडतो. आमच्या सौभाग्यवतींनी त्याच क्षणी नवकार म्हणावयास प्रारंभ केला. अर्ध्या तासाच्या फेरीने कंबर बोलू लागली, तेव्हा तासाला चार-पाच किलोमीटरच्या चालीने सिंध गाठणाऱ्या पूर्वजांविषयी आदर वाढला. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत अतिभारारोपण, म्हणजे जनावरावर शक्तीबाहेर ओझे लादणे, हा एक अतिचार सांगितला आहे. मरुभूमीतील श्रावकाला हा शब्द पोथीत शोधावा लागत नसे. माल लादताना रोज पहाटे तो त्याच्यासमोर गुडघे टेकून बसलेला असे. आज मालवाहतूक ट्रककडे गेली असून उंटाकडे हौशी प्रवासी उरले आहेत. राजस्थानने २०१४ मध्ये उंटास राज्यपशूचा दर्जा दिला. तरीही पशुगणनेनुसार राज्यातील उंट २०१२ मधील सुमारे ३ लाख २६ हजारांवरून २०१९ मध्ये सुमारे २ लाख १३ हजारांवर आले.

या व्यापाराचा कळस म्हणजे पटव्यांची हवेली. गुमानचंद पटवा (बाफना) यांच्या पाच पुत्रांसाठी एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या या पाच हवेल्या आहेत. पटवा म्हणजे रेशीम व जरीच्या तारांचे काम करणारा; त्यामुळे दगडातील ती जाळी पाहताना मला सारखा जरीचा पदर आठवत होता. लोद्रव्याचे पार्श्वनाथ मंदिर थारूशाह भन्साळी यांनी सतराव्या शतकात नव्याने उभारले, तर अमरसागरचे आदीश्वर मंदिर पटवा घराण्यातील हिंमतरामजींनी. बाफना, भन्साळी ही नावे आपल्या बाजारपेठेतही घरोघरी आहेत, म्हणून हा इतिहास परका वाटत नाही.

एक गोष्ट मात्र संकोच बाजूस ठेवून लिहिली पाहिजे. माळव्याची अफू मुंबई बंदरातील इंग्रजांची बंधने टाळून पाली-जैसलमेर मार्गे कराचीला जाई, आणि पटवा घराण्याच्या संपत्तीत तिचाही वाटा होता असे सांगतात. श्रावकास वर्ज्य अशा पंधरा कर्मादानांत विषवाणिज्य येते. हवेलीचे मार्गदर्शक नक्षीकामाचे तास-तास कौतुक करतात, हा विषय दोन वाक्यांत आटोपतात. इंग्रजांनी १८४३ मध्ये सिंध जिंकला आणि ही वाट निरर्थक झाली. मुंबई बंदर व रेल्वे यांनी उरलेला व्यापारही ओढून घेतला. पेढ्या इतरत्र गेल्या, हवेल्यांना कुलपे लागली. १९४७ नंतर सिंधची सीमाच बंद झाली.

माझ्या मते येथील खरी शिल्लक दुर्गातील संभवनाथ मंदिराच्या तळघरात आहे. खरतरगच्छाचे आचार्य जिनभद्रसूरी यांनी पंधराव्या शतकात येथे ज्ञानभांडार स्थापिले. कोरडी हवा, आक्रमकांपासूनचे अंतर आणि संघाची दक्षता यांमुळे शतकानुशतकांची ताडपत्रे टिकली. १८७४ मध्ये जर्मन पंडित ब्यूलर हे तरुण हर्मन याकोबी यांना घेऊन येथे आले. त्यांना या भांडारात काश्मिरी कवी बिल्हणाचे ‘विक्रमांकदेवचरित’ सापडले. कल्याणीचा चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य हा त्याचा नायक. महाराष्ट्राचा मोठा भाग त्याच्याच राज्यात होता. हे काव्य जैन आगमांपैकी नव्हते, आणि तरीही ते साधू-श्रावकांनी इतकी शतके जपले. याकोबींच्या मदतीने त्याची नक्कल करून ब्यूलर यांनी १८७५ मध्ये ते छापले.

पुढे मुनिश्री पुण्यविजयजी महाराजांनी १९५० च्या सुमारास येथे मुक्काम करून भांडाराची नव्याने व्यवस्था लावली. त्यांनी तयार केलेली हस्तलिखितांची सूची १९७२ मध्ये अहमदाबादहून प्रसिद्ध झाली. तिची एक प्रत आपल्या वाचनालयासाठी मागवावी, अशी विश्वस्त मंडळास नम्र विनंती आहे.