वळिवड्याची वसाहत आणि प्शेमिश्लचे स्थानक

मिरजेहून कोल्हापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, शहराच्या थोडे अलीकडे, वळिवडे नावाचे एक लहानसे स्थानक लागते. १९४३ पासून १९४८ पर्यंत या गावालगत सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची वसाहत नांदत होती. २०२२ साली युक्रेनमधून लाखो कुटुंबे घरदार सोडून निघाली आणि पोलंडमधील सामान्य लोकांनी त्यांना आपली दारे उघडून दिली, तेव्हा आम्हांस या वसाहतीचे स्मरण झाले. हे स्मरण केवळ साम्यामुळे झाले असे नाही. वळिवड्यास आलेल्यांपैकी अनेकांची मूळ गावे ज्या भूमीवर होती, ती भूमीच आज पश्चिम युक्रेन म्हणून ओळखली जाते.

१७ सप्टेंबर १९३९ रोजी सोव्हिएत सेना पूर्व पोलंडमध्ये शिरली. १० फेब्रुवारी १९४० च्या कडाक्याच्या थंडीत पहिली मोठी हद्दपारी झाली. ल्वूव्ह, तार्नोपोल, वोल्हिनिया या भागांतील कुटुंबेच्या कुटुंबे मालगाड्यांत भरून सायबेरियाकडे धाडण्यात आली. १९४१ साली जर्मनीने रशियावर आक्रमण केल्यानंतर समेट होऊन या लोकांची सुटका झाली. जनरल आंदेर्स यांच्या नव्या पोलिश सेनेबरोबर त्यांतील हजारो जण १९४२ मध्ये इराणात उतरले. धडधाकट पुरुष सैन्यासोबत गेले. मागे उरल्या त्या स्त्रिया, मुले आणि वृद्ध. तेच पुढे वळिवड्यास आले.

त्यांच्यासाठी प्रथम धावून जाणाऱ्यांत मुंबईतील पोलिश वकिलातीच्या प्रमुखांच्या पत्नी कीरा बनासिन्स्का या होत्या. पोलिश रेडक्रॉसचे काम पाहताना त्यांनी अनाथ मुलांना भारतात आणण्याच्या कार्यात पुढाकार घेतला. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडी येथे मुलांना आसरा दिला. वळिवड्याची भूमी कोल्हापूर संस्थानातील होती. खर्चाचा भार लंडनमधील पोलिश निर्वासित सरकारने उचलला. या वसाहतीत राहण्याच्या बराकींबरोबरच पोलिश भाषेतील शाळा, प्रार्थनामंदिर, रुग्णालय आणि बालवीरांची पथकेही होती. छप्पर मिळाल्याने माणसाचा जीव वाचतो खरा. परंतु विस्कटलेला दिनक्रम पुन्हा बसला म्हणजेच त्याला आसरा मिळाला असे म्हणता येते. वळिवड्याने हे जाणले होते, आणि तो आसरा जवळजवळ पाच वर्षे टिकला.

आता पोलंडच्या पूर्व सीमेवरील प्शेमिश्लकडे वळू. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर अनेक बाजूंनी आक्रमण केले. पहिल्या दोन आठवड्यांतच दहा लाखांहून अधिक माणसे पोलंडमध्ये पोहोचली. १८ ते ६० वर्षे वयाच्या पुरुषांना देश सोडण्यास मनाई असल्याने येथेही आल्या त्या मुख्यतः स्त्रिया आणि मुलेच. युक्रेनमध्ये शिकणारे अनेक भारतीय विद्यार्थीही याच सीमेवरून सुखरूप बाहेर पडले. स्थानकावर स्वयंसेवक हातांत पुठ्ठे धरून उभे असत. आपल्या मोटारीत किती जागा आहेत आणि ती कोणत्या शहरी जाणार, हे त्यांवर लिहिलेले असे. आपल्या मुलांच्या बाबागाड्या काही मातांनी अनोळखी मातांसाठी फलाटावर ठेवून दिल्या. आलेल्यांपैकी असंख्य कुटुंबांना तंबूंच्या छावणीत न राहता कोणाच्या तरी राहत्या घरात जागा मिळाली.

या औदार्याचे मोल कळण्यास मागील इतिहास ठाऊक असावा लागतो. १९४३ साली वोल्हिनियात युक्रेनियन सशस्त्र गटांनी हजारो पोलिश ग्रामस्थांची हत्या केली. १९४७ साली पोलंडच्या तत्कालीन सरकारने प्शेमिश्लच्या परिसरातील युक्रेनियन वस्त्यांना बळाने उठवून देशाच्या पश्चिम व उत्तर भागांत विखरून टाकले. या जखमा दोन्ही बाजूंस अद्याप दुखतात. तरीही दाराशी मूल घेऊन उभ्या राहिलेल्या स्त्रीला आजोबांच्या काळचा हिशेब कोणी विचारला नाही.

तथापि, उत्साहाच्या बळावर सर्व काही निभावते असे मानणे भाबडेपणाचे होईल. एकट्या तरुणी आणि मुले यांना फसवून नेणारेही अशा गर्दीत असतात. म्हणून मोटारचालकांची नावे नोंदवूनच प्रवाशांना त्यांच्या स्वाधीन करण्याची दक्षता मदतकेंद्रांना घ्यावी लागली. मार्च २०२२ च्या कायद्याने घरात आसरा देणाऱ्यास दर माणशी दररोज ४० झ्लॉटी मिळू लागले. ते अनुदान जुलै २०२४ पासून बंद झाले. युद्ध मात्र संपले नव्हते. दोन खोल्यांच्या घरात पाहुणे पहिला आठवडा आनंदाने सामावतात. दुसरे वर्ष उजाडले की स्वयंपाकघर, शाळा, भाडे आणि नोकरी यांचे प्रश्न उभे राहतात. यजमानाची दया खोटी होती असा याचा अर्थ नव्हे. एकट्या कुटुंबाच्या खांद्यावर इतके ओझे फार काळ राहू शकत नाही, एवढेच त्यातून सिद्ध होते. स्वयंसेवक दार उघडतो. ते उघडे ठेवण्याचे काम मग गावाला आणि राज्याला करावे लागते.

वळिवड्याचे पोलिश रहिवासी १९४८ पर्यंत पांगले. अनेकांची मूळ गावे सोव्हिएत हद्दीत गेल्यामुळे त्यांना घर उरले नव्हते. कोणी इंग्लंडला, कोणी ऑस्ट्रेलियाला, कोणी कॅनडाला गेले. त्यांनी रिकाम्या केलेल्या बराकींत फाळणीमुळे सिंध सोडून आलेली कुटुंबे राहावयास आली, आणि तेथे आजचे गांधीनगर वसले. कापडाच्या खरेदीसाठी आज तेथे जाणाऱ्यास ती बाजारपेठच दिसते. एके काळी ज्यांच्यापाशी काहीही उरले नव्हते अशा दोन समाजांना, एकामागून एक, त्याच भूमीने जागा दिली, हे आपल्या भागाच्या इतिहासात ठळकपणे लिहून ठेवावे असे आम्हांस वाटते.