दोन पातेली, एक मसाला

डिसेंबर लागला की जर्मनीतल्या लहानमोठ्या गावांच्या चौकांत लाकडी टपऱ्या उभ्या राहतात. हा तिथला नाताळबाजार. ड्रेस्डेन शहरातला असा बाजार १४३४ पासूनचा. दुपारी चारलाच अंधार पडू लागतो, थंडी हाडांत शिरते आणि चौकभर दालचिनी-लवंगेचा वास दरवळत असतो. हा वास ‘ग्ल्यूवाइन’चा, म्हणजे मसाले घालून गरम केलेल्या वाइनचा. जर्मन भाषेत ‘ग्ल्यूएन’ म्हणजे तापून लाल होणे, निखाऱ्यासारखे धगधगणे. पूर्वी तापवलेली लोखंडी सळई वाइनमध्ये बुडवून ती गरम करीत, म्हणून हे नाव पडले असे सांगतात.

या टपरीवर बहुधा दोन पातेली असतात. एकात ग्ल्यूवाइन आणि दुसऱ्यात ‘किंडरपुन्श’, म्हणजे मुलांचा पंच. त्यात फळांचे रस असतात, चहा असतो, मसाला तोच असतो. दारू मात्र नसते. मी दारू घेत नाही, त्यामुळे तिथे असताना मी दुसऱ्या पातेल्याचे गिऱ्हाईक होतो. हे पातेले म्हणजे पहिल्याची नक्कल, न पिणाऱ्यांची समजूत काढण्यासाठी ठेवलेली, असे अनेकांना वाटते. इतिहास मात्र वेगळेच सांगतो.

मसालेदार वाइन ही जर्मनांची निर्मिती नव्हे. अपिसिअसच्या नावाने ओळखला जाणारा रोमन पाककृतींचा एक जुना संग्रह आहे. त्यातली पहिलीच कृती अशा वाइनची. मध आणि वाइन एकत्र तापवायची, त्यात मिरी, केशर, भाजलेल्या खजुराच्या बिया आणि ‘पान’ एवढ्याच नावाने सांगितलेला एक जिन्नस घालायचा. अभ्यासक हे पान म्हणजे आपले तमालपत्र मानतात. मिरी अर्थातच मलबार किनाऱ्यावरून जाई. रोमन लोक उत्तरेकडे ऱ्हाईन नदीपर्यंत गेले, तेव्हा द्राक्षाची वेल त्यांच्याबरोबर गेली.

मध्ययुगात हे मसाले इतके महाग होते की मसालेदार वाइन हे श्रीमंतांचेच पेय राहिले. जर्मन भाषेत गबर व्यापाऱ्याला ‘मिऱ्याचे पोते’ म्हणत, यावरून काय ते समजावे. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला पोचला आणि त्यानंतर सातच वर्षांनी, १५०५ मध्ये, पोर्तुगालहून हिंदुस्थानाकडे निघालेल्या आरमारात ऑग्सबुर्ग शहरातल्या वेल्झर आणि फुगर या सावकार घराण्यांनी पैसा गुंतवला. त्यांना हवे होते मसाले.

जर्मनीतली ग्ल्यूवाइनची सर्वांत जुनी मानली जाणारी कृती १८३४ सालची. सॅक्सनीतले सरदार आउगुस्ट फॉन वाकरबार्थ यांनी ती लिहून ठेवली होती. चार भाग दालचिनी, दोन भाग आले. अनीस, डाळिंब, जायफळ आणि वेलची प्रत्येकी एक भाग, वर चिमूटभर केशर. वाइन आणि डाळिंब बाजूला ठेवले तर यातले निम्मे जिन्नस आपल्याकडे श्रीखंडाच्या दिवशी बाहेर निघतात! पुढे १९५६ मध्ये रुडॉल्फ कुन्झमान यांनी ग्ल्यूवाइन बाटलीत भरून विकायला सुरुवात केली, तीही ऑग्सबुर्गमध्येच. वाइनमध्ये साखर घालणे तेव्हाच्या कायद्यात बसत नव्हते, म्हणून त्यांना दंडही झाला. आज युरोपीय संघाचा नियमच आहे: विकायच्या ग्ल्यूवाइनमध्ये मुख्य स्वाद दालचिनीचा किंवा लवंगेचा हवा, दारूचे प्रमाण किमान सात टक्के हवे आणि वरून पाणी घालायचे नाही.

आता दुसऱ्या पातेल्याकडे वळू. ‘पुन्श’ म्हणजे इंग्रजीतला ‘पंच’. हा शब्द १६३२ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या एका माणसाच्या पत्रात आढळतो. १६३८ मध्ये मांडेल्स्लो नावाचा जर्मन प्रवासी सुरतेला उतरला होता. तिथले इंग्रज ‘पालेपुन्ट्झ’ पितात, असे त्याने नोंदवले. त्यात मद्यार्क, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर असे. आणि १६७५ मध्ये जुन्नरला जाऊन आलेला, शिवकाळाच्या वाचकांना परिचित असलेला डॉ. जॉन फ्रायर तर स्पष्टच सांगतो की या किनाऱ्यावरचे इंग्रज गोव्याच्या अरकापासून ‘पंच’ बनवतात आणि पाच जिन्नस असतात म्हणून त्याला हिंदुस्थानी भाषेतले ‘पाच’ हे नाव मिळाले. अरक, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला हे ते पाच जिन्नस. एका प्रकारच्या पिंपाच्या इंग्रजी नावावरून हा शब्द आला असे मानणारेही अभ्यासक आहेत. पण फ्रायरची साक्ष सहज बाजूला सारता येत नाही.

गंमत पाहा, आपल्या किनाऱ्यावर गोऱ्यांच्या कडक दारूला मिळालेले नाव जर्मनीत जाऊन लहान मुलांच्या पेयाचे झाले. पाचांतला अरक गेला, उरलेले चार राहिले आणि नावही राहिले. म्हणजे दुसऱ्या पातेल्याला स्वतःची वंशावळ आहे.

घरी दोन्ही पेये करता येतात. वाइन करायची तर स्टीलच्या पातेल्यात एक बाटली लाल, कमी गोड वाइन, दालचिनीचे दोन तुकडे, चार-पाच लवंगा, एक चक्रफूल, संत्र्याच्या चार चकत्या आणि दोन-तीन चमचे साखर घालावी. आच मंद ठेवावी. मद्यार्क ७८ अंशांना उकळतो, म्हणून वाफ दिसू लागली की थांबावे, बुडबुडे येऊ देऊ नयेत. मग झाकून अर्धा तास मुरू द्यावे.

दुसऱ्या पातेल्यासाठी दोन कप काळ्या द्राक्षांचा रस, एक कप सफरचंदाचा रस आणि एक कप कोरा चहा घ्यावा. मसाला तोच, साखर नको. वाइनमधला तुरटपणा चहा देतो. आंबटपणासाठी जर्मन लोक लाल अंबाडीच्या बोंडांचा चहा वापरतात. आपल्याकडे दोन आमसुलेही चालतील. हे पातेले खुशाल उकळावे, त्याने मसाला चांगला उतरतो.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगायची आहे. ‘वाइन उकळली की दारू उडून जाते, मग मुलांना द्यायला काय हरकत?’ असे पुष्कळ घरांत ऐकू येते. ते खरे नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यानुसार पदार्थ अर्धा तास शिजवल्यावरही त्यातली सुमारे पस्तीस टक्के आणि तासाभरानंतरही पंचवीस टक्के दारू शिल्लक राहते. जर्मनीत ‘दारूविना’ असे लिहिलेल्या पेयातही अर्ध्या टक्क्यापर्यंत दारू चालते. म्हणून मुलांसाठी, गरोदर बाईसाठी आणि विशेषतः प्रयत्नपूर्वक दारू सोडलेल्या माणसासाठी पेय रसापासूनच करावे. पातेले वेगळे, पळीही वेगळी. आणि कशात काय आहे ते पाहुण्यांना आधीच सांगावे, म्हणजे कुणाला चारचौघांत विचारत बसावे लागत नाही.

जर्मन बाजारात पुष्कळ ठिकाणी दोन्ही पेये एकाच तऱ्हेच्या कपातून मिळतात. कुणाच्या हातात काय आहे ते शेजाऱ्याला कळत नाही आणि कुणी विचारतही नाही. आपल्या घरच्या मेजवानीत एवढे जमले तरी पुरे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)