डायएथिल ॲझोडायकार्बॉक्सिलेट
डायएथिल ॲझोडायकार्बॉक्सिलेट : कार्बनी संश्लेषणात वापरला जाणारा एक ॲझो विक्रियाकारक. नारिंगी-तांबडा द्रव. रेणुभार १७४. याच्या रेणूत परस्परांशी द्विबंधाने जोडलेले दोन नायट्रोजन अणू असून त्या प्रत्येकास एक एस्टर गट जोडलेला असतो. या गटांच्या ओढीमुळे द्विबंधाजवळ इलेक्ट्रॉनांची उणीव निर्माण होते. या संयुगाचा उपयोग व धोका या दोहोंच्या मुळाशी त्याची ही विक्रियाशीलता आहे.

इतिहास : हायड्राझिनाचा शोध (१८८७) लावणारे जर्मन रसायनशास्त्रज्ञ टेओडोर कुर्टिउस यांनी कील येथे असताना, १८९४ च्या सुमारास, हे संयुग तयार केले. हायड्राझीन व एथिल क्लोरोफॉर्मेट यांपासून प्रथम वर्णहीन हायड्राझो एस्टर मिळते व त्याच्या ऑक्सिडीकरणाने हे रंगीत संयुग बनते. पुढे कील येथेच ओटो डील्स यांनी त्याची सायक्लोपेंटाडाइनाशी होणारी विक्रिया अभ्यासून १९२५ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांचे विद्यार्थी कुर्ट ॲल्डर यांचा १९२६ चा प्रबंध या ॲझो-एस्टर विक्रियेवरच होता. नायट्रोजनाच्या जागी कार्बन–कार्बन द्विबंध असलेली संयुगे घेतली, तरीही वलय तयार होते, हे या दोघांनी १९२८ मध्ये दाखविले. ही डील्स–ॲल्डर विक्रिया होय. तिच्यासाठी त्यांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मित्सुनोबू विक्रिया : जपानी रसायनशास्त्रज्ञ ओयो मित्सुनोबू यांनी १९६७ मध्ये या संयुगाची ट्रायफिनिल फॉस्फिनाशी सांगड घातली. फॉस्फरस अल्कोहॉलातील ऑक्सिजनास जखडतो, ॲझो गट हायड्रोजन घेतो आणि अम्लाचा ऋणायन कार्बनावर मागील बाजूने येऊन जोडला जातो. त्यामुळे वाऱ्याने छत्री उलटावी तशी त्या कार्बनाभोवतीची रचना उलट होते. सौम्य परिस्थितीत व अपेक्षित दिशेने घडणाऱ्या या बदलामुळे नैसर्गिक पदार्थ व औषधे यांच्या संश्लेषणात ही विक्रिया रूढ झाली. विक्रिया पुढे सरकते तसा नारिंगी रंग फिका होत जातो.

मर्यादा : शुद्ध संयुग उष्णता, प्रकाश व आघात यांना संवेदनशील असून त्याचा स्फोट होऊ शकतो. म्हणून ते बहुधा टोल्यूइनातील सुमारे ४० टक्के विद्रावाच्या रूपात विकले जाते. अधिक स्थिर असे डायआयसोप्रोपिल एस्टरही त्याऐवजी वापरतात. दुसरी अडचण टाकाऊ पदार्थांची आहे. या विक्रियेत अल्कोहॉल व अम्ल यांमधून १८ ग्रॅम पाणी काढून घेण्यासाठी २७८ ग्रॅम फॉस्फिन ऑक्साइड व १७६ ग्रॅम हायड्राझो एस्टर तयार होते आणि ही दोन्ही वेगळी करणे जिकिरीचे असते. नॉटिंगहॅम विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये फॉस्फरसयुक्त उत्प्रेरकाच्या साहाय्याने ॲझो संयुगाविना हीच विक्रिया घडवून आणली. तीत केवळ पाणी बाहेर पडते. मात्र तीस अधिक तापमान लागते व सर्वच अम्लांना ती लागू पडत नाही. त्यामुळे सौम्य परिस्थितीतील नाजूक संश्लेषणात ॲझो एस्टरांचे स्थान अद्याप टिकून आहे.