लाइनवर कान

तारीख १५ जून २०००, गुरुवार. रात्रीचे साडेनऊ वाजलेत. दादरला रानडे रोडजवळच्या एका जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या दाराबाहेर तुम्ही छत्री निथळत ठेवताय. खिशात रेल्वेचा पास, रुमाल आणि छोटा स्क्रू ड्रायव्हर. ज्या काचेवर बोट फिरवून तुम्ही एरवी सगळं विचारता, ती अजून यायची आहे. आज जे काही लागेल ते डोक्यात असायला हवं, नाहीतर कानांनी शोधायला हवं.

"ये. तुझ्या आईला म्हटलं होतं, जेवण झालं की पाठवा," काका म्हणतात. काकू आतून विचारतात, "चहा टाकू का?" आणि उत्तराची वाट न बघता गॅस पेटवतात.

अडचण काय ते आईकडून तुम्हाला कळलंच आहे. काकांची मुलगी पिट्सबर्गला असते. रविवारी तिच्या मुलीचं बारसं झालं आणि त्याच रात्री तिनं फोटो मेलवर पाठवले. दोघांनी नातीचं तोंड अजून पाहिलेलं नाही. इंटरनेट लागत नाही.

खोलीच्या कोपऱ्यात कॉम्प्युटर टेबल. मॉनिटरवरचं फुलाफुलांचं कव्हर काका घडी घालून बाजूला ठेवतात. बटण दाबताच काचेवर तडतड होते, विंडोज ९८ चं आकाश उगवतं, मग हार्ड डिस्क कितीतरी वेळ कुरकुरत राहते. सीपीयूच्या डोक्यावर काळा मोडेम आहे, समोर लाल दिव्यांची ओळ. मोडेम बाहेरचा आहे हे पाहून तुम्हाला हायसं वाटतं. आत बसवलेली स्वस्त कार्डं आपलं निम्मं काम प्रोसेसरवर ढकलतात आणि त्यांच्या पोटात काय चाललंय ते दिसत नाही. इथं दिवे आहेत. ओएच लागला की मोडेमनं फोन उचलला. सीडी लागला की पलीकडच्या मोडेमचा आवाज ओळखला. एसडी आणि आरडी लुकलुकले की माहिती जातेय, येतेय.

काका डायल-अप नेटवर्किंगमधल्या आयकॉनवर दोनदा क्लिक करतात. ओएच लागतो, क्षणभर काही नाही, मग विझतो. पडद्यावर चौकट येते: एरर ६८०, डायल टोन नाही.

"बघ. सारखं हेच. फोन तर चालू आहे! १९८ ला तक्रार करू का?"

करायची तर करता येईल. पण लाइनमन येण्याआधी बिघाड घरातला की बाहेरचा हे ठरवलेलं बरं. तुम्ही हायपर टर्मिनल उघडता. पांढऱ्या चौकटीत दोन अक्षरं टाइप करता, एटी, आणि एंटर दाबता. खाली उमटतं: ओके.

एवढ्या एका उत्तरानं कॉम्प्युटर, सीरियल केबल, कॉम पोर्ट आणि मोडेमचा मेंदू हे सगळं संशयातून सुटलं. हे उत्तर आलं नसतं, तर रात्र वेगळ्याच भानगडीत गेली असती. कॉम-१ आणि कॉम-३ एकच इंटरप्ट वापरतात, त्यामुळे माउस एकावर आणि मोडेम दुसऱ्यावर असला की माउस हलवताच मोडेम गप्प होतो. या आज्ञांची भाषा १९८१ च्या हेज स्मार्टमोडेमपासूनची आहे. पुढं जवळजवळ प्रत्येक कंपनीनं तीच उचलली. म्हणून मोडेम कोणाचाही असो, एटी म्हटलं की त्यानं ओ द्यायलाच हवी.

आता फोनचा रिसीव्हर कानाला लावा. डायल टोन आहे, पण तिच्याखाली बारीक खरखर आहे, पाऊस वाढला की वाढणारी.

ही टोन माणसाला लगेच ओळखू येते, मोडेमला येतेच असं नाही. आपल्याकडची डायल टोन म्हणजे ४०० हर्ट्झचा सूर, २५ हर्ट्झनं हेलकावे खाणारा. अमेरिकेत ३५० आणि ४४० हर्ट्झचे दोन सूर एकत्र वाजतात. तिकडच्या कानानं घडवलेल्या मोडेमला आपली टोन काठावरच पटते, तिच्यात खरखर मिसळली की पटत नाही. त्यावर उपाय आहे. तुम्ही एटीएक्स३ टाइप करता. अर्थ असा की टोनची वाट बघू नकोस, सरळ नंबर फिरव. मग एटीडीटी आणि पुढं नंबर.

मोडेम फोन उचलतो, आकडे टुणटुणतात, पलीकडे रिंग जाते. काका खुर्ची पुढं ओढतात. "लागला!"

"थांबा काका, ऐकू या."

पलीकडून एक लांब, सरळ शिट्टी येते. २१०० हर्ट्झ. दर ४५० मिलिसेकंदांनी ती आतल्या आत उलटते आणि त्यामुळे टेलिफोनच्या जाळ्यातली प्रतिध्वनी मारणारी यंत्रं बाजूला होतात. माणसांच्या बोलण्याला ती यंत्रं उपयोगी, मोडेमांना अडथळा. मग बारीक चिवचिवाट: दोन्ही मोडेम आपापल्याला काय काय जमतं ते एकमेकांना सांगतायत. मग अनेक सुरांचा एकदम झंकार. लाइन कोणता सूर नीट नेते आणि कोणता गिळते, याची ती तपासणी. त्यानंतर तो जोरदार फुसफुसाट, ज्याला सगळे नुसता गोंगाट समजतात. मैफलीआधी तबला लावून घेतात तसं आहे हे: ज्या तारेवर पुढं बोलायचं, तिच्या दोषांप्रमाणे प्रत्येक मोडेम आपला कान जुळवून घेतोय.

हा आवाज त्रासाचा मानून लोक स्पीकर बंद करून टाकतात याचं मला फार वाईट वाटतं. तुमच्या काळात नेट अडलं की पडद्यावर एक चक्र फिरत राहतं. ते कुठं अडलंय, घरात, खांबावर की समुद्रापार, हे ते चक्र सांगत नाही. तुम्ही डबा बंद करून पुन्हा चालू करता. इथं प्रत्येक टप्प्याचा आवाज वेगळा आहे, आणि तो जिथं तुटतो तिथंच बिघाड असतो. शिट्टीच आली नाही तर नंबर चुकला किंवा पलीकडे उत्तर नाही. शिट्टी आली आणि पुढं शांतता असेल, तर आपल्या मोडेमला ती ऐकू आली नाही. सगळं पार पडून पासवर्डशी अडलं, एरर ६९१, तर तारेचा काही दोष नाही. नाव-पासवर्ड चुकलाय किंवा घेतलेले तास संपलेत. दुरुस्तीचं एवढं शहाणपण सामान्य माणसाच्या कानाला फुकट देणारी यंत्रं फार नसतात.

आज फुसफुसाट थांबतो, पुन्हा सुरू होतो, पुन्हा थांबतो. कान जुळत नाही. अखेर पडद्यावर उमटतं: कनेक्ट ११५२००.

"एक लाख पंधरा हजार!" काका खूश होतात.

तो वेग कॉम्प्युटर आणि मोडेम यांच्यामधला, हातभर केबलवरचा. फोनच्या तारेवरचा वेग कळायला बऱ्याच मोडेमांना एटीडब्ल्यू२ सांगावं लागतं. तुम्ही लाइन तोडता, ती आज्ञा देता, पुन्हा डायल करता. पुन्हा तीच झटापट आणि आता खरा आकडा: १४४००. अर्धा मिनिटही जात नाही तोच सीडी विझतो. नो कॅरियर.

म्हणजे एक्स३ नं दार उघडलं, दुखणं तसंच राहिलं. गेल्या महिन्यापर्यंत हाच मोडेम, हीच टोन, हाच नंबर बिनतक्रार चालत होता. मग मधल्या काळात बदललं काय? बिघाड शोधताना हा प्रश्न सगळ्यात आधी विचारावा, आणि तो यंत्राला नाही, घरातल्या माणसांना विचारावा.

"काही नाही बदललं," काका म्हणतात.

काकू चहाचा कप ठेवता ठेवता म्हणतात, "असं कसं? आतल्या खोलीत फोन नाही का घेतला मे महिन्यात? माझ्या गुडघ्यांमुळे."

तुम्ही आत जाता. पलंगाशेजारी लाल फोन. त्याची वायर खिडकीच्या फटीतून बाहेर, भिंतीवरून हॉलच्या खिडकीपर्यंत आणि तिथून दाराजवळच्या रोझेट बॉक्सात. बाहेर, छज्ज्याच्या खाली, वायर आखूड पडली म्हणून जोड दिलाय आणि त्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळलीय. पट्टी सुटून लोंबतेय. पाणी तिच्यावरून ओघळतंय.

संशय पक्का करायची जुनी युक्ती आहे. रिसीव्हर उचला आणि एकच आकडा दाबा. डायल टोन थांबते आणि एक्स्चेंज पुढच्या आकड्यांची वाट बघत काही सेकंद गप्प राहतं. त्या शांततेत लाइनचा स्वतःचा आवाज उघडा पडतो. तुम्ही ऐकता: खर्र, खर्र, मध्येच टक्. काकांच्याही कानाला लावता. ते भुवया उंचावतात.

आता रोझेट उघडायचं. आधी फोन उचलून बाजूला ठेवा. तारांवर एरवी ४८ व्होल्टचा सौम्य दाब असतो, पण स्क्रूवर बोट असताना कुणाचा फोन आला तर रिंगचा दाब ७५ व्होल्टच्या घरात जातो आणि चांगला झटका बसतो. रिसीव्हर उचललेला असला की रिंग येतच नाही. झाकणाखाली दोन पितळी स्क्रू, त्यांवर हिरवट गंज; दादरला समुद्राची हवा आहे, पितळ फार दिवस पिवळं राहत नाही. आतल्या फोनच्या दोन तारा तुम्ही सोडवता. हॉलच्या तारांची टोकं पातीनं खरवडून चकचकीत करता, पुन्हा आवळता. ओला जोड गेल्यामुळे खरखर जाईल.  

पुन्हा रिसीव्हर. पुन्हा एक आकडा. शांतता. काका पुन्हा ऐकतात आणि रिसीव्हर काकूंकडे देतात.

एटीएक्स४. मोडेमला टोन ऐकायची सक्ती परत लावली, कारण तिच्याशिवाय चालवणं म्हणजे पुढच्या वेळचा बिघाड लपवणं. आता आयकॉनवर क्लिक. ओएच. आकडे. शिट्टी, चिवचिवाट, झंकार, फुसफुसाट आणि आज पहिल्यांदाच दोन खणखणीत ठोके, बोंग, बोंग. हे ठोके १९९८ मध्ये ठरलेल्या व्ही-९० या मोडेमच्या मानकाचे. पलीकडचा मोडेम एक्स्चेंजला थेट डिजिटल जोडलेला असतो. तो ठरावीक पातळ्यांचे सूर पाठवतो आणि ते वाटेत कसे बदलतात ते आपला मोडेम मोजून घेतो. कागदावर ५६ हजार, घरी येणारा वेग बहुधा चाळीस-पंचेचाळीस हजार. आणि तोही फक्त येताना. जाताना ३३,६०० च्या पुढं नाही.

स्पीकर गप्प होतो. नाव-पासवर्ड तपासला जातो. कोपऱ्यात दोन छोटे कॉम्प्युटर उमटतात: ४४,०००.

आउटलुक एक्स्प्रेसमध्ये सेंड-रिसीव्ह. चार फोटो, मेलमध्ये बांधताना त्यांचं वजन एक तृतीयांशानं वाढतं, मिळून सुमारे ४८० किलोबाइट. मघाच्या वेगानं साडेचार मिनिटं लागली असती आणि अर्ध्या मिनिटात लाइन तुटत होती, म्हणजे ते कधीच पोचले नसते. आता दीड मिनिट. आरडीचा दिवा जवळजवळ सतत पेटलेला राहतो.

थांबल्या थांबल्या काका बोलतात. विदेश संचार निगमनं १५ ऑगस्ट १९९५ ला चार महानगरांत सर्वांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा त्यांनी बातमी वाचून पान उलटलं होतं. १९९८ च्या नोव्हेंबरात खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली, तासांची पाकिटं दुकानात मिळू लागली, आणि मुलगी जायच्या आधी हा कॉम्प्युटर घरात आला. तुम्ही ऐकता आणि नकाशा डोळ्यांपुढं आणता. पिट्सबर्गहून निघालेला फोटो महासागर ओलांडून मुंबईला येतो. १९९७ पासून इथं फ्लॅगसारखी काचतंतूंची केबल जमिनीवर येते. हजारो मैल तो सुखरूप आला. अडला तो छज्ज्याखालच्या बोटभर चिकटपट्टीशी.

पहिला फोटो वरून खाली उलगडत जातो. आधी पाळण्याची झालर, मग टोपडं, मग कपाळ. काकू चष्मा पुसून पुढं होतात. "कपाळ आपल्याकडचं," त्या म्हणतात. काका काही बोलत नाहीत. दुसऱ्या फोटोत मुलगी नऊवारीत, जावई कुडत्यात, मागे खिडकीबाहेर परकी झाडं. तिसरा फोटो उघडेपर्यंत तुम्ही खुर्ची रिकामी करून दिलेली असते.

लाइन तोडायची आठवण तुम्हीच करता. दर तीन मिनिटांना एक कॉल पडतो. उत्तर ऑफलाइन लिहावं, लिहून झालं की पाठवण्यापुरतं जोडावं. काका सांगतात, तुम्ही टाइप करता, रोमन अक्षरांत मराठी. देवनागरी लिहिता येते, पण इथला फॉन्ट पिट्सबर्गच्या कॉम्प्युटरवर नसला तर तिला निव्वळ चिन्हं दिसतील. "चि. सौ." पासून "अनेक उत्तम आशीर्वाद" पर्यंत सगळं तसंच. काकू मध्येच घालतात, बाळाला तिळाचं तेल लावत जा, तिकडे थंडी असते.

"आतला फोन?" काका विचारतात.

वायर घरातूनच न्यायची, अखंड, जोड न देता. आणि विजा चमकायला लागल्या की मोडेमची फोनची पिन आणि अडॅप्टर दोन्ही काढायचे. पावसाळ्यात मोडेम उडतात ते बहुतेक तारेतून आलेल्या विजेनं. काका हे सगळं कॅलेंडरच्या मागे लिहून घेतात, ओएच आणि सीडीचे अर्थसुद्धा.

मग ते स्वतः खुर्चीवर बसतात आणि क्लिक करतात. नंबर फिरतो. शिट्टी येते. काका बोट वर करून काकूंना गप्प राहायची खूण करतात. झंकार, फुसफुसाट, दोन ठोके.

"सीडी लागला," ते म्हणतात आणि सेंड दाबतात.