अंगठा आणि पावती

माझी आई १९७२ च्या दुष्काळात लासूरकडच्या रस्त्यावर खडी फोडायला जायची. मी तेव्हा तिच्या कडेवर होतो. त्यामुळे जे सांगतो आहे ते तिच्या तोंडून ऐकलेलं. मिलोची लाल भाकरी घशाखाली उतरत नसे. पोरांना सुखडी मिळायची. आमच्या गंगापूरच्या मोहल्ल्यात ज्या बाया कधी उंबऱ्याबाहेर पडत नसत, त्याही डोक्यावर पदर ओढून हातोडी घेऊन खडीच्या ढिगाशी बसल्या. हे सगळं सांगताना ती एका ठिकाणी हमखास थांबायची. म्हणायची, "बेटा, अंगूठा कित्ते पैशे पे लगाई मैं, अबी तक मालूम नै."

मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. रस्ते, पाझर तलाव, नालाबंडिंग अशी ती कामं. पुष्कळांना वाटतं की तिथं रोज ठरलेला असायचा. तसं नव्हतं. मजुरी कामाच्या मापावर निघायची. खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली मोजायची, गुणाकार करायचा, दरपत्रकातल्या दरानं रक्कम काढायची आणि ती टोळीत हजेरीप्रमाणे वाटायची. ज्याला गुणाकार येत नाही त्यानं मेस्त्रीच्या तोंडाकडे बघायचं. मेस्त्री भला असला तर ठीक.

या कामांच्या मागचा विचार मात्र दुष्काळाच्या आधीचा. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ च्या सुमारास तासगाव तालुक्यातल्या विसापूरला त्याचा प्रयोग करून पाहिला होता. त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. खर्चासाठी १९७५ पासून शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसला, आणि तेवढीच भर सरकारनं घालायची असं ठरलं. मुंबईच्या कारकुनाच्या पगारातून कापलेला पैसा गंगापूरच्या बांधावर येतो, ही कल्पना मला आजही मोठी वाटते.

कायदा सांगत होता की मागेल त्याला १५ दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. भत्ता दिवसाला निदान १ रुपया. पण मागितलं हे सिद्ध कसं करायचं? लेखी अर्ज हवा आणि त्याची तारखेची पोच हवी. बी.ए. होऊन मी बेकार होतो तेव्हा लोकांचे अर्ज लिहून द्यायचो. एका कचेरीतला कारकून अर्ज ठेवून घ्यायचा आणि "जा, कळवतो" म्हणायचा. पोच मागायला मी विसरायचो असं मी बरीच वर्षं सांगत आलो. खरं म्हणजे धीर व्हायचा नाही. पदवीधराची ही गत, तर अर्जदाराची काय असेल! तो बिचारा पंधरा दिवस वाट पाहायचा आणि मग मुकादमाची उचल घेऊन बायकोसह ऊसतोडीला जायचा. उचलीचा हिशेब कुठं, तर मुकादमाच्या वहीत.

पुढं २००५ साली केंद्राचा कायदा आला. २००६ मध्ये पहिल्या टप्प्यातच आपला, तेव्हाचा औरंगाबाद, जिल्हा त्यात होता. कामाची मागणी नमुना ४ वर करायची आणि पोच नमुना ५ ची घ्यायची. २००८ पासून मजुरी बँकेत किंवा पोस्टात जमा होऊ लागली. त्याआधीपासून बचत गटांनी बायांना एक सवय लावली होती. दर महिन्याला जमलेला पैसा सगळ्यांदेखत मोजायचा आणि वहीत मांडायचा. सही करायला कित्येकजणी तिथंच शिकल्या. अंगठ्याची शाई आता गेली, असं मला तेव्हा वाटलं होतं.

अंगठा परत आला तो यंत्रावर. वाळूजची औद्योगिक वसाहत आमच्याच तालुक्यात. तिथं बिहार, उत्तर प्रदेशातून माणसं येतात, परभणी-जालन्याहूनही येतात. पुरुष मजूर अड्ड्यावर उभे राहतात, बाया बजाजनगरात धुणीभांडी करतात. घरकामगारांसाठी महाराष्ट्रानं २००८ साली कल्याण मंडळाचा कायदा केला. पण नोंदणीला कामाच्या घरच्या मालकिणीचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते मागितलं तर काम जाईल, ही भीती बाईला आधी वाटते. माझ्या कारकुनापुढच्या भीतीचीच ती बहीण.

दोन वर्षांपूर्वी शेजारच्या खोलीतली एक बिहारी बाई पासबुक घेऊन आली. पैसे काढायच्या केंद्रावर तिनं अंगठा लावला होता. "नेटवर्क गेलं, पुन्हा लावा," म्हणून पुन्हा लावला. हातात एकदाच पैसे आले आणि पासबुकात दोनदा कापले गेले. मी अर्ज लिहिला आणि तिच्याबरोबर बँकेत गेलो. या वेळी पोच मागितली. शिक्क्याची शाई ओली होती. तिनं ती फुंकून वाळवली आणि कागद पदराच्या गाठीत बांधला. पैसे दीड महिन्यानं जमा झाले.

तेव्हापासून रविवारी दुपारी माझ्या ओट्यावर पाच-सहाजणी पासबुकं घेऊन बसतात. जमा कुठलं, नावे कुठलं, अंगठ्यानंतर चिठ्ठी कशी मागायची, एवढंच मी दाखवतो. त्याहून जास्त मलाही येत नाही. गेल्या रविवारी एकीनं विचारलं, "भाईजान, ब्याज कब चढता है?" मला बँकेत जाऊन विचारून यावं लागलं. दर तीन महिन्यांनी.