भूल आणि घराण्याचा वारसा

शस्त्रक्रियेच्या मेजावर निजलेला मनुष्य आपला श्वास दुसऱ्याच्या हातीं सोंपवितो. हा विश्वास किती सूक्ष्म वस्तूवर अवलंबून असतो हें दाखविणारें वैद्यकाच्या इतिहासांतील एक प्रकरण आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

सक्सिनिलकोलीन हें द्रव्य हंट व ताव्हो ह्या अमेरिकन संशोधकांनीं १९०६ सालीं प्राण्यांवर तपासलें. त्यांचें लक्ष रक्तदाबाकडे होतें. आणि प्राण्यांचे स्नायु क्युरारे ह्या विषानें आधींच शिथिल केलेले होते. त्यामुळें स्नायु शिथिल करण्याचा त्या द्रव्याचा खरा गुण डोळ्यांसमोर असूनही दिसला नाहीं. तो १९४९ सालीं बोव्हे ह्यांनीं दाखविला, आणि १९५१ पासून युरोपांत शस्त्रक्रियेच्या वेळीं त्याचा उपयोग होऊं लागला.

त्याची सर्व महती त्याच्या अल्पायुष्यांत होती. श्वासनलिकेंत नळी घालण्यापुरते स्नायु ढिले व्हावे, आणि रक्तांतील ब्युटिरिलकोलिनएस्टरेज नामक विकरानें त्या द्रव्याचें विघटन करून दहाएक मिनिटांत रोग्यास त्याचा श्वास परत द्यावा, असा हा व्यवहार. परंतु १९५२ च्या सुमारास कांहीं रोगी तासनतास श्वास घेईनात. त्यांच्या रक्तांत हें विकर फारच दुर्बळ आढळलें. हा दोष घराण्यांतून उतरतो असें लेहमान व रायन ह्यांनीं १९५६ सालीं दाखविलें. पुढच्याच वर्षीं कॅलो व जेनेस्ट ह्यांनीं डिब्युकेन द्रव्याची कसोटी काढली: प्राकृत विकराची क्रिया त्यानें शेंकडा ८० च्या आसपास रोखली जाते, विकृताची सुमारें २०. औषध व आनुवंशिकता ह्यांचें नातें सांगणाऱ्या एका नव्या शास्त्राचा पाया घालण्यांत ह्या संशोधनाचा मोठा वांटा होता.

आमच्या देशाशीं ह्याचा संबंध निकटचा आहे. दक्षिणेंतील वैश्य समाजांत ह्या विकराच्या ३०७ व्या स्थानीं ल्युसिनऐवजीं प्रोलिन आल्याचें २००६ सालीं प्रसिद्ध झालें. ह्या समाजाचीं घरें नांदेडकडेही आहेत. तथापि हा कलंक नव्हे. तें विकर नसलेला मनुष्य एरव्हीं निरोगीच असतो, आणि दोष असा कोणत्याही जातींत सांपडूं शकतो.

विकर जन्मतः उणें नसलें तरी पुढें क्षीण होऊं शकतें. यकृताचा विकार, गर्भारपण, आणि सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकें हीं त्याचीं कारणें. पुणें-नाशिक रस्त्यावरील कळंबसारख्या बागायती गांवांत ह्या शेवटच्या कारणाचा विचार डॉक्टरांनीं अवश्य करावा. नुकतीच औषधफवारणी केलेला शेतकरी भूल घेण्यास आला, तर त्याला तें विचारणें हा उपचाराचाच भाग होय.

असा प्रसंग उद्भवल्यास करावयाचें काय? श्वासोच्छ्वास यंत्रानें चालू ठेवावा. रोग्यास झोंपेचें औषध चालू ठेवावें, कारण जागा असून हालचाल करतां न येणें ही यातना अत्यंत दारुण होय. आणि शरीर स्वतः सावरेपर्यंत धीर धरावा. नाडीयंत्रानें मज्जातंतूस चेतना देऊन स्नायूंची स्थिति तपासतां येते. घाईनें निओस्टिग्मिन देण्याचा मोह टाळावा. तें ह्या विकरासही रोखतें. पुढील वेळीं सक्सिनिलकोलीन व मिव्हाक्युरियम वर्ज्य करून रोक्युरोनियमसारखें औषध योजतां येतें.

पण आमच्या मतें खरें काम रोगी शुद्धीवर आल्यानंतर सुरू होतें. दोष जन्मजात ठरला, तर त्याच्या प्रत्येक सख्ख्या भावंडास तो असण्याचा संभव निदान चारांत एक असतो. ही गोष्ट तोंडी सांगून भागत नाहीं. शहरांतला शब्द कळंबास पोंचेपर्यंत "भुलीचा त्रास झाला" एवढाच उरतो. औषधाचें व दोषाचें नांव मराठींत लिहिलेला एक कागद घरीं द्यावा, आणि भावंडांची रक्ततपासणी करावी. १९०६ सालीं डोळ्यांसमोरचें सत्य निसटलें, तें प्रयोगाची मांडणीच तशी होती म्हणून. आज सत्य ठाऊक असून तें घरोघर पोंचलें नाहीं, तर त्याला तशी सबब उरत नाहीं.