धन्वंतरी महालातील टिपणे

चोळपुरम्-कुंभकोणचा मुलूख एके काळी तंजावरच्या भोसल्यांचा होता. १७९९ साली कारभार कंपनी सरकारकडे गेला. दुसऱ्या सरफोजीराजांच्या हाती किल्ला व भोवतालचा परिसर तेवढा उरला. त्यांनी धन्वंतरी महालात आयुर्वेद, सिद्ध, युनानी व पाश्चात्त्य वैद्यक एकत्र आणले. औषधांचा पडताळा घेतला जाई. प्रत्ययास आलेले उपचार तामिळ पद्यांत बांधले गेले. नेत्ररोग्यांची लक्षणे व उपचार लिहून घेऊन त्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रेही काढली गेली. ती सरस्वती महाल ग्रंथालयात जतन केलेली आहेत. वैद्याचा अनुभव स्मरणातच राहिला, तर त्याच्याबरोबर जातो. टिपून ठेवला, तर पुढील रोग्याच्या कामी येतो. राज्य गमावलेल्या राजाने हे मर्म जाणले होते.